उडी दोन ठशांमध्ये असते

उमरग्याच्या आमच्या जुन्या शाळेत मी गेल्या महिन्यात गेलो, तो समारंभासाठी नव्हे. निमंत्रणपत्रिका आली होती, तिच्यात माझ्या नावामागे ‘ज्येष्ठ’ असे लावलेही होते. परंतु वय हा गुण आहे असे मी कधी मानले नाही. मी गेलो तो भिंत पाहायला. व्यायामशाळेची मैदानाकडची ती उंच, चुन्याची भिंत. तिच्या पायथ्याशी आता एक काळा दगड बसवला आहे आणि त्यावर कोरले आहे की निजामाच्या राज्यात या शाळेच्या व्हॉलीबॉल संघात सर्वांत मोठी उडी विश्वासरावांची होती, आणि भिंतीवर दिसणारा सर्वांत वरचा ठसा त्यांच्या हाताचा आहे.

यातला ठसा खरा आहे. उडी खरी नाही.

शाळेचे नाव मी घेत नाही, कारण भांडण शाळेशी नाही. दगड बसवणाऱ्यांशीही खरे तर नाही. ती मंडळी तेव्हा जन्मलेली नव्हती. भांडण आहे ते वाचण्याच्या रीतीशी. ही भिंत कशी वाचायची हे ज्यांना ठाऊक होते, त्यांच्यापैकी आता आम्ही दोघे उरलो आहोत; आणि त्या दोघांतला दुसरा म्हणत होता की त्याला काही आठवत नाही.

मी जवळ गेलो तेव्हा समारंभासाठी दिलेला चुना अजून ओला होता. त्या थंड, तिखट वासात खालून एक दुसरा वास येत होता, आणि तो मी कुठेही ओळखला असता. डांबराचा. डांबरावर चुना टिकत नाही. कितीही हात द्या, ऊन चढले की डांबर घाम फुटावा तसे वर येते. डोके मागे टाकून मी पाहिले. पांढऱ्या चुन्यातून पिवळट-तपकिरी बोटे उमटली होती, वर, हाताच्या पोचेपलीकडे, ओळीने, जणू कोणी पलीकडून भिंत धरून उभे आहे.

त्या काळी सोलापूर-हैदराबाद सडकेवर डांबर चढत होते. शाळेसमोर पिंपे उभी असत आणि दुपारी सारा वर्ग त्या वासाने जड होई. शाळा उर्दू माध्यमाची. गणित उर्दूत, भूगोल उर्दूत, छडीचा हिशेबही उर्दूत. घरी मराठी, बाजारात अर्धी कानडी. महिने सरकारी फसली सनाचे: बहमन, इस्फंदार, फरवर्दी. आजच्या मुलांना ही नावे सांगितली तर त्यांना ती मिठाईची वाटतात. मला मात्र ‘बहमन’ म्हटले की कडक थंडी, ज्वारीच्या पोटऱ्यांतला दुधाचा वास आणि तोंडातून निघणारी वाफ, एवढे सगळे एकदम आठवते. कारण बहमन महिन्यात आमच्या उड्या मोजल्या जात.

मोजणारे होते ड्रिलमास्तर. फौजेतून आलेले, पायाला खाकी पट्ट्या गुंडाळणारे, गळ्यात शिट्टी. त्यांनी सडकेच्या कामावरून ताटलीभर डांबर आणवायचे. एकेकाने भिंतीशी कूस लावून उभे राहायचे, बोटांची टोके डांबरात बुडवायची आणि हात ताणून भिंतीवर टेकवायचा. हा पहिला ठसा.

“एडी जमीन पे रखो मियाँ!” ते ओरडत. “पैले जमीन का, बाद में आसमान का.”

टाच उचलून बोटभर चोरी करणारा त्यांना पाठ फिरवलेली असतानाही कळत असे. मग बोटे पुन्हा डांबरात, गुडघे वाकवायचे, धावायचे नाही, जागेवरूनच उठायचे आणि जिथे पोचू तिथे हात आपटायचा. हा दुसरा ठसा. आणि उडी म्हणजे या दोन ठशांमधले अंतर. वरचा ठसा किती वर आहे याला ड्रिलमास्तर काडीचीही किंमत देत नसत. ते स्टुलावर चढत आणि खालच्या ठशापासून वरच्यापर्यंत स्वतःची वीत टाकीत जात. मोजायची वीत नेहमी त्यांचीच. दुसऱ्या कोणाच्या हाताला ती मुभा नव्हती.

आमच्या संघात सर्वांत उंच विश्वास. मोठ्या घरचा, तालमीत घडलेला, चौदाव्या वर्षीच दारात वाकून शिरणारा. पहिल्या वर्षी त्याचा वरचा ठसा सगळ्यांच्या वर लागला तेव्हा आम्ही पोरे टाळ्या पिटू लागलो. ड्रिलमास्तरांनी शिट्टी फुंकली.

“ऊँट ऊँचा है ना?” त्यांनी विचारले.

“जी, मास्तरसाब.”

“उडता है क्या?”

विश्वास स्वतःच सर्वांत मोठ्याने हसला. पुढे वर्षभर त्याला आम्ही उंट म्हणत होतो आणि तो त्याला ओ देत असे. ज्याच्या नावाने आज हा दगड उभा आहे तो माणूस असा होता. त्याच्याविरुद्ध माझा एकही शब्द नाही. हा दगड वाचायला तो हयात असता तर छिन्नी त्यानेच मागवली असती.

सर्वांत मोठी उडी मेहबूबची होती. पिंजाऱ्याच्या मेहबूबची.

तो माझ्याच उंचीचा. माझ्याच उंचीचा म्हणजे अंदाजे नव्हे: टाचा जमिनीवर ठेवून आमचे दोघांचे हात भिंतीवर एकाच जागी पडत. माझा ठसा पडला की त्यावर त्याचा पडे, आणि दोन्ही मिळून एकच काळा पंजा दिसे. वेगळा ओळखू येई तो त्याच्या उजव्या तर्जनीमुळे. सरकी काढायच्या चरकात लहानपणी तिचे शेवटचे पेर गेले होते. म्हणून त्याचा ठसा साडेतीन बोटांचा. आजही तो वर आहे. दगड बसवणाऱ्या समितीतल्या एका गृहस्थांनी मला समजावले की तो पुसट झाला आहे. पुसट झालेला नाही. तो तसाच पडला होता.

त्यांचे घर वेशीजवळच्या पिंजारगल्लीत. सकाळी शाळेला जाताना त्याच्या वडिलांच्या कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज लांबूनच येई. ताणलेल्या तातेवर मोगरी पडायची आणि सबंध गल्लीत एक जाड, गोड कंप भरून राही. आत गेले की हवेत कापूस. भुवयांवर कापूस, चुलीवरच्या चहाच्या भांड्याच्या काठावर कापूस. चाचा मान वर न करता म्हणायचे, “बैठो बेटा, छींको मत. छींके तो आधी रजई उड जाती.” मला हमखास शिंक येई. मग ते हसत आणि मेहबूबची आई आतून ओरडे, “आगा पोराला पानी तरी द्या, नुसतं शिंकवताय!”

मेहबूबच्या उडीची कारणे गावाने नाना प्रकारची सांगितली. कोणी म्हणे तो गोश्त खातो म्हणून. त्याच्या घरी गोश्त शिजे ईदेला, आणि विश्वासच्या घरी दूधतूप रोज. तेव्हा हा मुद्दा निकालात निघाला. कोणी म्हणे त्याला दर्ग्यातल्या फकिराने ताईत दिला होता. ताईत होता खरा, पण तो तापासाठी होता आणि त्याने तापही गेला नव्हता. खरे कारण मी पाहिले आहे, आणि मी पाहिले आहे म्हणून सांगतो.

जिनिंगच्या आवारात कापूस भरायचे पोते लाकडी चौकटीला टांगलेले असे, माणसाहून उंच. सुट्टीच्या दिवशी मेहबूब त्यात उतरे. वरून टोपल्यांनी कापूस टाकायचे आणि त्याने तो तुडवून तुडवून घट्ट करायचा. सकाळी तो पोत्यात गडप होई. नुसता धप् धप् आवाज आणि थरथरणारे गोणपाट. मग कापूस चढेल तसा तोही चढे: दुपारी आधी टोपी दिसे, मग कपाळ, मग पांढऱ्या पापण्या, मग हसणारे तोंड. उगवत येणारा मनुष्य मी दुसरा पाहिलेला नाही. एकदा हट्टाने मीही उतरलो. गुडघ्यापर्यंत रुतलो, उडी मारायला गेलो आणि जागीच राहिलो. कापूस पायाला उत्तर देत नाही. जमीन निदान परत ढकलते. कापूस सगळे पोटात घालतो. तीन दिवस माझ्या मांड्या जिना चढू देईनात, आणि मेहबूब म्हणाला, “आता जमिनीवर उडून बघ. जमीन लई मायाळू हाय.”

जळकोटच्या सामन्याविषयीही आता वेगवेगळे सांगतात. मी तिथे होतो. मागच्या रांगेत, डावीकडे.

आम्ही मोटारीच्या टपावर बसून गेलो. करडईची शेते फुलली होती आणि सडकेच्या दोन्ही बाजूंना पिवळे-केशरी काटे चमकत होते. जळकोटकरांनी बाभळीच्या दोन खांबांना माशांची जुनी जाळी बांधली होती. तिला अजून तळ्याचा वास येत होता. त्यांचे गडी मोठे, नांगर धरणारे. त्यांच्या पुढाऱ्याने मेहबूबला नखशिखांत पाहिले आणि आपल्या लोकांकडे वळून म्हणाला, “आरं, ह्ये लेकरू कशाला आनलंय यांनी? जाळीखालनं चेंडू आनून द्यायला व्हय?”

“व्हय दादा,” मेहबूब म्हणाला, “चेंडू आनून द्यायलाच आलोय. तुमच्या डोस्क्यावर.”

त्यांचे लोकही हसले. खेळ सुरू झाला. आमच्यात चेंडू चढवून देण्याचे काम गुंडाप्पाचे. त्याची बोटे मऊ. आलेला चेंडू तो वर ठेवी, फेकीत नसे. मी मागून उचललेला चेंडू गुंडाप्पाकडे गेला आणि मेहबूब ओरडला, “उप्पर डाल रे गुंडू! और उप्पर!” गुंडाप्पाने तो इतका वर दिला की जळकोटचे लोक जागा सोडून तो खाली उतरायची वाट पाहू लागले. मग जाळीमागे काहीच नव्हते तिथे त्यांना मेहबूब दिसला. आधी टोपी, कपाळ, खांदे, छाती. तो वर गेला आणि थांबला.

हवेत कोणी थांबत नाही, हे मला शिकवू नये. पदार्थविज्ञान मी पुढे आयुष्यभर शिकवले आहे. तो थांबत असे. वर जाऊन, हात मागे ओढून, समोर कुठे मोकळी जागा आहे ते बघण्याइतका वेळ त्याला मिळे, आणि मग चेंडू त्या जागी पडे. त्या दिवशी पहिला चेंडू पुढाऱ्याच्या पायांमध्ये पडून धुरळा उडाला, आणि कडेच्या गर्दीतली एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “आगं बया, ह्याला कुनी वरनं धरलंय का काय?”

सामना आम्ही जिंकला. हरलो असे सांगणारे लोक आहेत. ते त्या दिवशी जळकोटला नव्हते.

त्यानंतरच्या बहमनमध्ये शेवटचे मोजमाप झाले. शेवटचे हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. विश्वासचा वरचा ठसा नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या वर. ड्रिलमास्तरांनी वीत टाकली: दोन विती पूर्ण. मग मेहबूब. खालचा ठसा माझ्या ठशावर. मग तो वाकला, आणि भिंतीवर हात आपटल्याचा आवाज आला. त्याची साडेतीन बोटे विश्वासच्या ठशाखाली फक्त चार बोटांवर उमटली होती. विश्वास त्याच्यापेक्षा दीड वीत उंच होता, हे ध्यानात घ्या. ड्रिलमास्तर स्टुलावर चढले. एक वीत. दोन. तीन. आणि वर दोन बोटे उरली.

त्यांनी पुन्हा मोजले. मग तिसऱ्यांदा. मग खाली उतरले, खिशातला रुमाल घासलेटात बुडवला आणि मेहबूबची बोटे एकेक करून पुसली. आम्ही सगळे आपापली बोटे राखेने घासत असू. महिनाभर नखे काळी राहत. कोणाची बोटे ड्रिलमास्तरांनी पुसल्याचे मी दुसऱ्यांदा पाहिले नाही.

काहींनी मला सांगितले आहे की ड्रिलमास्तर आपल्या धर्माच्या मुलाला झुकते माप देत. हे बोलणाऱ्यांनी त्यांना मेहबूबवर ओरडताना ऐकलेले नाही. “तेरे पाँव में ताकत है, खोपडी में रुई!” हे वाक्य त्याच्या वाट्याला आठवड्यातून तीनदा येत असे, आमच्या वाट्याला ते कधी आले नाही. आणि विश्वास त्या दिवशी भिंतीखाली उभा राहून काय म्हणाला तेही मी ऐकले आहे. तो म्हणाला, “ठसा माझा वर आहे रे, पण उडी तुझी.” मेहबूबने त्याच्या काळ्या बोटांकडे पाहिले आणि म्हणाला, “मग तू ठसा ठेव, मी उडी घेऊन घरी जातो.”

पुढच्या भाद्रपदात निजामाचे राज्य गेले आणि शाळा बंद झाली. कारणे इतिहासाच्या पुस्तकांत आहेत. ती तिथेच असोत. मला आठवतो तो शांतपणा. पिंपातले डांबर ढवळणारे कोणी नव्हते, त्यावर धुळीची साय धरली होती. मक्याच्या कणसांना त्या वर्षी राखणदार नव्हते. आणि सकाळी वेशीकडून येणारा तो जाड, गोड कंप येत नव्हता. कित्येक दिवस माझ्या ध्यानातच येईना की काय कमी आहे.

शाळा पुन्हा उघडली तेव्हा घंटा तीच होती. उर्दू फलक उतरले होते. ड्रिलमास्तर नव्हते. हजेरीत मेहबूबचे नाव घेतले गेले नाही, म्हणून तो गैरहजर आहे असेही कोणाला म्हणता आले नाही. पिंजाऱ्याच्या दाराला बाहेरून कडी होती आणि कडीला कापसाचा एक पुंजका अडकला होता. कोणी म्हणे ते हैदराबादेस गेले. कोणी म्हणे कर्नूलकडे. कोणी काहीच म्हणत नसे, आणि या तिसऱ्या प्रकारचे लोक जास्त होते.

मग भिंतीचा दिवस आला. नवे मुख्याध्यापक स्वच्छतेचे भोक्ते. त्यांना मैदानात उभे केलेल्या आम्हा मुलांमागे डागांनी भरलेली भिंत दिसली. “हे काळे पंजे कसले? घासून काढा आणि चुना द्या.” त्यांचा काही दोष नव्हता, त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. आम्ही विटांचे तुकडे घेतले, काहींनी घरून खुरपी आणली. शिडी शाळेत नव्हती. त्या वर्षी बऱ्याच वस्तू जागेवर नव्हत्या. तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, “जिथपर्यंत हात पोचतो तिथपर्यंत करा.”

जिथपर्यंत हात पोचतो तिथपर्यंत.

वाचकाने येथे क्षणभर थांबावे, कारण समितीचा एकही सभासद येथे थांबलेला नाही. खालचा ठसा म्हणजे काय? जिथपर्यंत हात पोचतो ती जागा. वरचा ठसा म्हणजे जिथे हात पोचत नाही ती. आम्ही पोरांनी टाचा जमिनीवर ठेवून, हात ताणून, सगळेच्या सगळे खालचे ठसे खरवडून काढले आणि वरचे एकूणएक राहू दिले. उड्यांची सुरुवात आम्ही पुसली आणि शेवट ठेवला. त्यावर दरवर्षी चुना बसला, पुढे खालच्या अर्ध्या भिंतीवर तेलकट रंगाचा पट्टा आला, आणि वरचे ठसे मात्र दर उन्हाळ्यात बाहेर येत राहिले. आता जो येतो तो वर बघतो आणि सर्वांत वरचा पंजा दाखवून म्हणतो: हा जिंकला.

माझ्या हाती विटेचा तुकडा होता. माझ्याच पंजाच्या उंचीवर तो ठसा होता, दोन हातांचा मिळून एक. शेजारी गुंडाप्पा घासत होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा भिंतीकडे. मी खरवडले. मला कोणी बळजबरी केली नाही. लाल विटेची भुकटी आणि काळे डांबर मिळून माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळ आला, तो मी राखेने घासला.

हे सारे मी त्या दिवशी समारंभात सांगितले, विटेचे सोडून. समितीचा अध्यक्ष म्हणजे विश्वासचा पुतण्या, पन्नाशीचा, नम्र माणूस. त्याने माझ्यासाठी खुर्ची सावलीत ओढली. दुसऱ्या खुर्चीवर शाल पांघरलेला गुंडाप्पा.

“काका,” अध्यक्ष म्हणाले, “सगळ्यांत वरचा ठसा आमच्या तात्यांचाच आहे ना?”

“आहे.”

“मग?”

“मग काही नाही. जिराफ तुमच्या तात्यांपेक्षाही वर पोचला असता. त्याच्यासाठी दगड बसवला असता का?”

“गुंडाप्पा काका, तुम्ही सांगा. असे दोन ठसे होते का?”

गुंडाप्पाने शाल सारखी केली. “लई दिस झाले, सायेब. मला काय बी याद न्हाय.”

“गुंडू,” मी म्हणालो, “जळकोटला चेंडू कोणाला चढवलास?”

“आता कशाला उकरायचं ते? ईस्वास बी गेला, समदेच गेले. दगुड बसलाय, बसू द्या की. तुमची भांडायची खोड काय जाईना बगा.”

“चेंडू कोणाला चढवलास ते विचारतोय मी.”

मैदानावर शाळेच्या मुलींचा सराव चालू होता; चेंडूचा ठप् ठप् आवाज येत होता. त्यांच्या खेळाच्या बाई आमच्याजवळ उभ्या राहून मघापासून ऐकत होत्या. त्या पुढे आल्या. “साहेब, मधे बोलते, माफ करा. पण आजोबा म्हणतात तीच रीत आहे. आम्ही आजही असंच मोजतो. आधी उभ्याची पोच, मग उडीतली पोच, आणि वजाबाकी. वरच्या खुणेवरून उडी कळतच नाही.”

त्यांनी दोन मुलींना हाक मारली, एक उंच, एक ठेंगणी. बोटांना खडू लावून तेलकट पट्ट्यावर दोघींनी हात टेकवले, मग उडी घेतली. उंच मुलीची खूण वर लागली. बाईंनी टेप लावला. ठेंगणीची उडी जास्त निघाली. ती ठेंगणी मुलगी हात झटकीत म्हणाली, “म्हाईतच होतं मला. ही नुसती लांब हाय, बाई.” उंच मुलीने तिला धपाटा घातला. अध्यक्षांनी जवळ जाऊन त्या खडूच्या चार खुणा पाहिल्या.

आणि तेव्हा गुंडाप्पा, कोणी न विचारता, भिंतीकडे बघत म्हणाला, “मेहबूबला. मेहबूबला चढवला चेंडू. दुसऱ्या कुनाला एवढा वर द्यायचा?” मग शालीचे टोक तोंडाशी धरून, “खालचं आमीच खरवडलं, सायेब. ह्येनं आन् म्या.”

मी खाली पाहिले. ते मी सांगायला हवे होते.

अध्यक्ष मोठ्या मनाचे निघाले. मी त्यांच्याशी झगडण्याच्या तयारीने गेलो होतो. दुपारभर पुरेल एवढी वाक्ये माझ्याजवळ होती. त्यांना त्यांतले एकही ऐकावे लागले नाही. “तात्यांनाही हे पटलं असतं,” ते म्हणाले. “दगड बदलू. मी आजच कारागिराला सांगतो.” त्यांनी खिशातून पेन काढले, पत्रिकेची कोरी बाजू गुडघ्यावर धरली. “सांगा काका. पूर्ण नाव.”

“मेहबूब.”

“मेहबूब. पुढं? वडिलांचं नाव?”

मी तोंड उघडले. मुली खेळत होत्या. चेंडू जाळीवरून इकडे आला, तिकडे गेला.

“पिंजारी,” मी म्हणालो.

“ते आडनाव होतं, का धंदा?”

“धंदा तर होताच.”

“वडिलांचं नाव काय होतं, काका?”

“आम्ही त्यांना चाचा म्हणत असू.”

अध्यक्षांनी गुंडाप्पाकडे पाहिले. गुंडाप्पा म्हणाला, “चाचाच की. समदं गाव चाचाच म्हनायचं.”

“शाळेचं जुनं दफ्तर?”

शिपाई म्हणाला की त्या काळातले उर्दू दाखले शाळेत नाहीत. ते कधी गेले आणि कुठे, हे त्याच्या आधीच्या शिपायालाही ठाऊक नव्हते.

“नुसतं मेहबूब कोरा,” मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा, कारण बाईंनी मुलींना थोडे लांब नेले.

“कोरतो काका. पण लोक विचारतील, कोण मेहबूब? गावात ह्या नावाचे ढीगभर आहेत. उद्या कोणीही येऊन म्हणेल, आमचे आजोबा. तुम्ही नाव काढा, दगड मी थांबवून ठेवतो.”

ज्या माणसाची उडी दोन बोटांपर्यंत मला ठाऊक आहे, ज्याच्या घरचा कापूस माझ्या नाकात गेला आहे, ज्याच्या आईने मला पाणी दिले आहे, त्याच्या बापाचे नाव मला ठाऊक नाही. त्याच्या आईचेही नाही. मेहबूबला मी ते कधी विचारले नव्हते, कारण चाचांना नाव असेल असे माझ्या डोक्यातच आले नाही.

तेव्हापासून मी विचारत फिरतो आहे. वेशीजवळच्या त्या घराच्या जागी सायकलींचे दुकान आहे. कब्रस्तानातल्या जुन्या कबरींवर दगड आहेत, अक्षरे नाहीत. पिंजारगल्लीत दोन म्हाताऱ्या भेटल्या. एकीला धनुकलीचा आवाज आठवतो, दुसरीला आवाजही आठवत नाही. मशिदीतल्या एका वृद्धांनी माझा हात हातात घेऊन विचारले, “इत्ते बरस कहाँ थे आप?” त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. मी म्हणालो, इथेच. नोकरी इथेच, घर इथेच.

काल अध्यक्षांचा फोन आला. “काका, काही कळलं का? कारागीर विचारतोय.” मी सांगितले की शोध चालू आहे. ते म्हणाले, सवडीने करा. फोन ठेवण्यापूर्वी त्यांनी अगदी सहज विचारले की एवढ्या वर्षांत पिंजारगल्लीत चौकशी करायला मला कोणी मना केले होते का.

कोणी केले नव्हते. माझ्या दारापासून ती गल्ली हाकेच्या अंतरावर आहे.